सुईवर राहिलेली कार्डं

३ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार. साष्टांग घालायला या खोलीत जागा नाही, तेव्हा घातला असं समज. तुझे कान गेल्यापासून फोन बंद झाला, आणि मेसेज तू वाचत नाहीस (बोटं जाड, अक्षरं बारीक, असं तूच म्हणालीस), म्हणून कागद-पेन घेऊन बसले आहे. ऑफिसातल्यांना वाटतंय मी राजीनामा लिहितेय.

काम तुझ्याच रक्तपेढीचं आहे. खरंच! तू एकतीस वर्षं रक्तदात्यांची जी कार्डं सांभाळलीस, त्यांवरच्या सगळ्या नोंदी आता डेटाबेसमध्ये भरल्या आहेत. डेटाबेस म्हणजे तुझं कपाटच, फक्त त्याला काही विचारायचं तर त्याच्या भाषेत विचारावं लागतं. त्या प्रश्नाला क्वेरी म्हणतात. ती लांबलचक असते आणि एक स्वल्पविराम चुकला की कपाट रुसतं. डॉक्टरांनी साफ सांगितलं, हे आम्ही शिकणार नाही, आम्ही आजवर लिहिल्या तशाच चिठ्ठ्या लिहिणार. म्हणजे अशा:

ओ निगेटिव्ह
न कावीळ मलेरिया
३ म
जवळ

तर मला एक कंपायलर बांधायचा आहे. चिठ्ठी आणि डेटाबेस यांच्यामध्ये बसणारा दुभाष्या म्हण. डॉक्टर चिठ्ठीच्या भाषेत विचारणार, हा त्याची क्वेरी करणार आणि नावांची यादी पुढे ठेवणार. पण दुभाष्याला आधी चिठ्ठीची भाषा यायला हवी, आणि तिचे नियम कुठेच लिहिलेले नाहीत. रक्तपेढीत कुणालाही विचारलं तर एकच उत्तर, "त्या बाईंना माहीत होतं." त्या बाई म्हणजे तू.

म्हणून विचारते. "न" एकट्या काविळीला लागतो की मलेरियालाही? "३ म" म्हणजे नक्की काय? आणि "जवळ" म्हणजे किती जवळ?

आई बरी आहे. परवाच म्हणाली, "वन्संनी आपल्याकडे जाणं-येणं का तोडलं, ते काही कळलं नाही." बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. त्यानंतर तू आमच्या घरी आल्याचं मला एकदाही आठवत नाही. एकदा ये ना.

तुझी,
खारू

१२ फेब्रुवारी

खारू,

आशीर्वाद घे आणि आधी एक सांग, माझ्या कपाटाला रुसकं कोण म्हणालं? एकतीस वर्षांत एकदाही रुसलं नाही ते. खालचा खण तेवढा अडकायचा, त्याला गुडघ्याने ढकलायचं.

आता तुझे प्रश्न. "न" त्या ओळीतल्या सगळ्यांना लागतो. डॉक्टरांनी ओळ मोडली की "न" संपला. "३ म" म्हणजे मागच्या तीन महिन्यांत ज्याने रक्त दिलेलं नाही असा माणूस. "जवळ" म्हणजे अर्ध्या तासात पायी पोचणारा. डॉक्टरांना विचारशील तर त्यांच्या मते जवळ म्हणजे शिट्टी मारली की हजर, पण तू माझं धर.

आम्ही शोधायचो कसं तेही सांगते. हसू नकोस. कार्डाच्या चारही कडांना भोकं असायची, एकेक भोक म्हणजे एकेक प्रश्न. "कावीळ झाली नव्हती" असं उत्तर आलं की त्या भोकापासून कडेपर्यंत कात्रीने खाच पाडायची. चिठ्ठी आली की त्या रक्तगटाचा गठ्ठा धरायचा, काविळीच्या भोकातून विणकामाची सुई घालायची, उचलायचं आणि झटकायचं. खाचवाली कार्डं खाली पडतात, बाकीची सुईवर लटकतात. पडलेली उचलायची आणि पुढच्या भोकात सुई घालायची. पाच मिनिटांत यादी तयार. सुई माझी स्वतःची होती, नऊ नंबरची. त्या सुईवर एक स्वेटर अर्धा राहिला तो राहिलाच.

चिठ्ठ्या मी टाकल्या नाहीत. निवृत्त झाले तेव्हा सगळे म्हणाले रद्दीत द्या, पण माझा हात होईना. बिस्किटांचे सात डबे पाठवते आहे. चिठ्ठीच्या पुढे डॉक्टरांचा प्रश्न, मागे निळ्या पेन्सिलीने माझं उत्तर, म्हणजे नावं. तारीख प्रत्येकीवर आहे. डबे परत हवेत.

वहिनीला नमस्कार सांग. गुडघे धरलेत, प्रवास होत नाही.

आत्या

२ मार्च

आत्या,

हसले नाही. उलट तिघांना कार्डं कापून, सुई घालून दाखवलं. आमच्यातला सगळ्यात शहाणा तोंडाचा आ वासून बघत राहिला. आम्ही यंत्राकडून जे करून घेतो तेच तू विणकामाच्या सुईने करत होतीस.

दुभाष्या आता चिठ्ठी वाचतो. आधी शब्द सुटे करतो, मग कोण कुणाला जोडलाय ते बघून त्याचं झाड मांडतो, आणि झाडावरून क्वेरी लिहितो. तुझा ओळीचा नियम घातल्यावर झाड पहिल्या फटक्यात सरळ उभं राहिलं.

पण तो बरोबर आहे हे कशावरून? त्याला तुझे डबे कामाला आले. चार हजार दोनशे अकरा प्रश्न, आणि मागे तयार उत्तरं! कार्डावरची प्रत्येक नोंद तारखेसकट भरलेली आहे, त्यामुळे अमुक दिवशी सकाळी कार्डांवर काय होतं ते यंत्र सांगू शकतं. मी प्रत्येक चिठ्ठी तिच्या तिच्या दिवशी नेऊन चालवली आणि तुझ्या निळ्या पेन्सिलीशी ताडून पाहिली.

एकशे बासष्ट ठिकाणी जमलं नाही. आणि गंमत म्हणजे प्रत्येक वेळी तुझ्या यादीत नावं जास्त आहेत, एकदाही कमी नाहीत. ती कार्डं उघडून पाहिली. सगळ्यांच्या काविळीच्या रकान्यात त्या सकाळी काहीच लिहिलेलं नव्हतं. कोरा रकाना. तरी तू त्यांना यादीत घेतलंस.

आमच्या साहेबांना आम्ही मागे मुदतराव म्हणतो, कारण त्यांच्या तोंडून दुसरा शब्द निघत नाही. ते म्हणाले, "बाईंनी ओळखीपाळखीची नावं घुसडली असतील." तूच सांग, चूक कुणाची, तुझी की यंत्राची?

खारू

८ मार्च

खारू,

तुझ्या मुदतरावाला सांग, रक्तपेढीत ओळखीची नावं घुसडून मला काय मिळणार होतं? नाचता येईना अंगण वाकडं! यंत्राला जमलं नाही तर म्हणे बाई लबाड.

नीट ऐक. रकाना कोरा म्हणजे कावीळ झाली होती असं नाही, आणि झाली नव्हती असंही नाही. कोरा म्हणजे विचारलं नाही, एवढंच. शिबिरात कार्डं भरणारे घाईत असायचे. रांग लांब, पेन गळकं, एखादा प्रश्न राहून जायचा. खाच नाही म्हणून ते कार्ड सुईवर राहतं. ज्याला खरोखर कावीळ झाली होती त्याचंही कार्ड सुईवरच राहतं. लांबून दोघं अगदी सारखे दिसतात.

म्हणून सुईवर राहिलेलं एकेक कार्ड मी हातात घ्यायची. कोरं असेल तर उठून विचारायची. फोन असेल तर फोन, नसेल तर चपला पायात. काय हो, कावीळ झाली होती का कधी? नाही म्हणाला की तिथेच खाच पाडून त्याला घेऊन यायची. विचारायला किती वेळ लागतो?

मी पहिल्या दिवसापासून असंच करत आले. तुझ्या यंत्रालाही तसंच करायला लाव. ते चपला घालणार नाही हे मला कळतं, पण कुणाकुणाला विचारायचं राहिलंय एवढं तरी त्याने सांगावं.

आत्या

२१ मार्च

आत्या,

तुझं पटलं. मी तसं बांधायलाही घेतलं. डेटाबेसमधल्या कोऱ्या जागेची खोड अशी, की तिला "कावीळ झाली नव्हती ना?" असं विचारलं तर ती हो म्हणत नाही, आणि "झाली होती ना?" विचारलं तरी हो म्हणत नाही. दोन्ही वेळा गप्प. आणि गप्प बसणाऱ्याला यादीत घेत नाहीत. तुझ्या सुईचंच चुलत भावंड. म्हणून मी दुभाष्याला प्रत्येक चिठ्ठीमागे तीन याद्या करायला सांगितल्या: चालतील ते, चालणार नाहीत ते, आणि ज्यांना विचारायचं राहिलंय ते.

मुदतरावांनी तिसरी यादी एका फटक्यात उडवली. "डॉक्टरांना एक यादी हवी. फोन करत कोण बसणार? कोरं म्हणजे नको, विषय संपला." मी भांडले. तेव्हा म्हणाले, "एक उदाहरण दाखव. कोरं कार्ड सोडलं आणि त्यापायी माणूस गेला, असं एक खरं उदाहरण. मग घालू तिसरी यादी." मे महिन्याच्या बारा तारखेला काम सुपूर्द करायचं आहे.

उदाहरण शोधायला मी पुन्हा डब्यांकडे गेले. आत्या, आता जे लिहितेय ते कसं लिहावं कळत नाही, म्हणून सरळ लिहिते.

न जमलेल्या त्या एकशे बासष्ट चिठ्ठ्या तारखेने लावल्या. पहिल्या चार वर्षांत एकही नाही. चार वर्षं तुझं उत्तर आणि यंत्राचं उत्तर नावाला नाव जुळतं. म्हणजे पहिली चार वर्षं तूही कोरी कार्डं सोडून देत होतीस. पहिला फरक पडतो तो पाचव्या वर्षी, तीस ऑगस्टला. त्यानंतर एकतीस वर्षं पुरी होईपर्यंत तू एकही कोरं कार्ड सोडलेलं नाहीस.

तीस ऑगस्टच्या आधी बारा दिवस चिठ्ठ्यांमागे तुझं अक्षर नाही, दुसऱ्या कुणाचं तरी आहे. आणि त्याच्याही आधीचा दिवस म्हणजे सतरा ऑगस्ट. त्या दिवसाची एकही चिठ्ठी डब्यात नाही. रक्तपेढीच्या वहीत त्या दिवशी दोन चिठ्ठ्या आल्याची नोंद आहे.

सतरा ऑगस्टला बाबा गेले.

आत्या, त्या दिवशी काय झालं?

खारू

१५ एप्रिल

आत्या,

साडेतीन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. पोस्टमनला मी तीनदा विचारलं, आता तो मला बघून रस्ता बदलतो. शेजारच्या काकूंना फोन केला तर म्हणाल्या, तू बरी आहेस, सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना दिसतेस. मग जीव भांड्यात पडला.

मी फार उद्धटपणे विचारलं का? बारा वेळा खोडून लिहिलं होतं, तरी उलटतपासणीसारखंच झालं. नको असेल तर उत्तर देऊ नकोस. नुसतं "बरी आहे" एवढं लिही.

खारू

२४ एप्रिल

खारू,

बरी आहे.

आता बाकीचं. तीन वेळा लिहायला बसले आणि तीन वेळा उठून भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली.

दादाला दुपारी दीडला आमच्याच इस्पितळात आणलं. लिफ्ट दुरुस्त करताना तो दोन मजले खाली पडला होता. मला हे काही माहीत नव्हतं. आमची खोली वरच्या मजल्यावर, आणि चिठ्ठीवर रोग्याचं नाव नसायचं. नियमच होता तसा, म्हणजे ओळखीपाळखीचा प्रश्न येऊ नये. चिठ्ठी आली: ओ निगेटिव्ह, न कावीळ, ३ म, जवळ. मी गठ्ठा काढला, सुई घातली, झटकलं. दोन कार्डं पडली. एक माणूस परगावी गेलेला. दुसरे एक म्हातारे मास्तर, ते धावत आले. एक बाटली झाली. अर्ध्या तासाने पुन्हा तीच चिठ्ठी आली, खाली जोरात रेघ मारलेली. मी पुन्हा सुई घातली. कार्डं तीच, भोकं तीच, दुसरं काय पडणार? मी मागे लिहिलं, "आणखी कुणी नाही." नीट, वळणदार अक्षरात लिहिलं. मग डबा उघडून जेवायला बसले.

चार वाजता शिपाई मला बोलवायला आला. तेव्हा कळलं ती चिठ्ठी कुणासाठी होती.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, तीस ऑगस्टला, मी कामावर गेले. सकाळीच एक माणूस आपणहून रक्त द्यायला आला. आमच्या फाटकासमोर ज्याचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं तो. माझ्या टेबलावरून त्याची पाटी दिसायची. कार्ड काढलं तर ओ निगेटिव्ह. काविळीचा रकाना कोरा. मी विचारलं, कावीळ झाली होती का? तो हसून म्हणाला, "कधीच नाही. तुम्ही विचारलंच कुठे?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, ते मी केलं. माझ्या भावाच्या बाबतीत केलं. दादाचा जीव सुईवर लटकत होता आणि मी डबा खात होते.

त्या दिवसापासून एकही कार्ड सोडलं नाही, हे तू बरोबर काढलंस. यंत्राने मला पकडलं म्हण. "पहिल्या दिवसापासून" हे मी खोटं लिहिलं होतं.

वहिनीला कधी सांगितलं नाही. एकदा तुमच्या घरी आले होते, महिनाभराने. तू झोपली होतीस. वहिनीने चहा दिला, आणि म्हणाली, "वन्सं, तुम्ही तिथे होतात म्हणून मला धीर आहे. तुम्ही होतं नव्हतं ते सगळं केलं असणार." तो चहा तसाच ठेवून मी उठले. त्यानंतर आले नाही.

पहिली चिठ्ठी त्या गडबडीत खालीच राहिली, ती दुसरी सोबत पाठवते आहे. डब्यात ठेवली नव्हती, माझ्या ट्रंकेत होती. आता तुला माझ्याशी बोलायचं नसलं तर मी समजेन.

आत्या

३० एप्रिल

आत्या,

चिठ्ठी मिळाली. जपून ठेवली आहे.

मी ती यंत्रात चालवली, सतरा ऑगस्टला नेऊन. घड्याळजींचं कार्डही उघडलं. आता शांतपणे वाच. त्यांचं आधीचं रक्तदान तीस जूनचं आहे. म्हणजे त्या दिवशी सातच आठवडे झाले होते, "३ म" मध्ये ते बसतच नव्हते. तू काविळीचं विचारलं असतंस तरी डॉक्टरांनी त्यांना परत पाठवलं असतं. तुझ्या हातून काही गेलं नाही, आत्या. तू तेहतीस वर्षं उगाच स्वतःला खात बसलीस.

मुदतरावांना मी सांगितलं, तसं उदाहरण सापडलं नाही. तेव्हा यादी एकच राहील. जाऊ दे. सगळीच भांडणं जिंकायची नसतात. बारा तारखेला काम देऊन टाकते, आणि मग निवांतपणे तुझ्याकडे येऊन राहते चार दिवस.

आईला यातलं काही बोलले नाही, बोलणारही नाही.

खारू

५ मे

खारू,

तू लहानपणी खोटं बोललीस की कानाची पाळी ओढायचीस. पत्रात कान दिसत नाही एवढंच.

घड्याळजीचं कार्ड मला पाठ आहे. क्रमांक सहाशे अठरा. आधीचं रक्तदान नऊ फेब्रुवारीचं. डाव्या कोपऱ्यात चहाचा डाग. सहा महिने होऊन गेले होते. तेहतीस वर्षं मी ते कार्ड डोळ्यांसमोर धरून बसले आहे आणि तू मला तीस जून सांगतेस?

रागावले नाही. तुझं पत्र वाचून मी पुष्कळ रडले. माझ्यासाठी कुणी एवढं खोटं बोलेल असं वाटलं नव्हतं. ते मी ठेवून घेते. पण त्यापायी तू काय केलंस ते बघ. मला वाचवायला तू तिसरी यादी सोडून दिलीस. म्हणजे आता तिथे बसलेली प्रत्येक बाई सुई झटकणार, लिहिणार "आणखी कुणी नाही", आणि डबा उघडणार. दिवसाला एकदा नाही, शंभरदा, आणि तिला कळणारसुद्धा नाही. माझ्या वेळी निदान कार्ड सुईवर लटकताना दिसत तरी होतं. तुझ्या यंत्रात तेही दिसणार नाही.

मुदतरावाला उदाहरण हवंय ना? त्याच्या टेबलावर माझी चिठ्ठी ठेव, आणि शेजारी कार्ड क्रमांक सहाशे अठरा. कुणी लिहिली विचारलं तर माझं नाव सांग. गेला तो कोण विचारलं तर तेही सांग. झाकली मूठ मी पुष्कळ दिवस सांभाळली, आता हात दुखतो.

सोबत बंद पाकीट आहे ते वहिनीसाठी. तू उघडू नकोस. तिच्या हातात दे आणि तिथून उठून जा.

आत्या

२६ मे

आत्या,

खोटं बोलले. कानाची पाळीही ओढली होती, लिहिताना लक्षात आलं.

खरं हे आहे. चिठ्ठी मी तीन याद्यांच्या दुभाष्यातून चालवली होती. "चालतील ते" मध्ये दोन नावं आली, तीच तुझी दोन. तिसऱ्या यादीत एकच नाव आलं. घड्याळजी. ते वाचून मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले. मला तुझा राग आला, आत्या. लपवत नाही. दोन दिवस फार राग आला. वाटलं, सात मिनिटंसुद्धा नाहीत, रस्ता ओलांडायचा होता. मग मी माझीच जुनी क्वेरी उघडली. फेब्रुवारीत मी जो दुभाष्या बांधला होता तो, तुझ्या नियमांनी, सगळ्या परीक्षा देऊन. त्यात ही चिठ्ठी घातली. त्यानेही दोनच नावं दिली आणि गप्प बसला. माझ्याही मनात तेव्हा आलं नव्हतं की कुणी राहिलंय का. तेव्हा राग कुणावर धरू?

आठ तारखेला मुदतरावांसमोर चिठ्ठी आणि कार्डाचा छापील कागद ठेवला. रक्तपेढीचे दोन डॉक्टरही होते. मी सगळं सांगितलं. तुझं नाव सांगितलं, बाबांचं सांगितलं. मुदतरावांनी चिठ्ठी उलटी केली आणि मागचं "आणखी कुणी नाही" बराच वेळ वाचत राहिले. तीनच शब्द आहेत. मग चष्मा काढला आणि म्हणाले, "मुदत दहा दिवस पुढे ढकलू." खोलीत कुणाचाच विश्वास बसला नाही. वयाने मोठे डॉक्टर म्हणाले, तिसऱ्या यादीतल्यांना फोन करायला एक माणूस आम्ही देऊ. यादीला नाव काय द्यायचं म्हणून विचारलं, तर मी तुझेच शब्द दिले: "विचारायचे राहिलेले". पडद्यावर ती यादी सगळ्यात वर दिसते, आणि ती संपवल्याशिवाय "आणखी कुणी नाही" असं यंत्राला लिहिता येत नाही. हा नियम मी शेवटी घातला.

बावीस तारखेला ते सुरू झालं. परवा दुपारी तिसऱ्या यादीतून पहिला माणूस आला, म्हणजे बाई आली, शाळेतल्या मास्तरीणबाई. फोन गेल्यावर वीस मिनिटांत पोचल्या. रक्त कुणाला दिलं ते मला ठाऊक नाही. चिठ्ठीवर अजूनही नाव नसतं.

आता आईचं. पाकीट दिलं आणि तू सांगितल्याप्रमाणे उठून गेले. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवायची, उठायची, कपाट आवरायची. तुझं पत्र उशीखाली होतं. मला वाटलं, झालं, आता हे दार कायमचं लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ताटात पोळी वाढता वाढता तिने मला विचारलं, "त्या दिवशी वन्संना घरी कोणी पोचवलं?"

मला माहीत नव्हतं.

ती म्हणाली, "माझ्याकडे शंभर माणसं होती. तू होतीस. त्यांचा सख्खा भाऊ गेला, आणि त्या एकट्या त्या खोलीतून उतरून कुठे गेल्या, जेवल्या का, झोपल्या का, मी एका शब्दाने विचारलं नाही. त्या येईनाशा झाल्या तेव्हाही नाही. तुला म्हणत राहिले, का येत नाहीत कळत नाही. त्यांना विचारलं असतं तर कळलं असतं." मग पदराने डोळे पुसले आणि माझ्यावरच ओरडली, पोळी गार होतेय म्हणून.

राग गेलाय असं ती म्हणत नाही. "समोर बसून रागावेन," म्हणते. तुझ्यासाठी चहाची वेगळी पूड बांधून घेतली आहे, तुझ्या घरची कशी असेल त्यावर तिचा भरवसा नाही.

डबे परत आणतेय. सातही. सतरा ऑगस्टची चिठ्ठी तिच्या तारखेच्या जागी लावली आहे, आईने स्वतःच्या हाताने.

शनिवारी अकराच्या गाडीने आम्ही दोघी येतोय. बेल वाजवली तरी तुला ऐकू येणार नाही, तेव्हा दार उघडं ठेव.

खारू